सॅनिटायझरने धुरकटलेलं अ‍ॅक्रिलिक

करोनाकाळात, 2020 मध्ये, बीड, परळी, अंबाजोगाईच्या बाजारपेठांतही मेडिकलच्या काउंटरवर पारदर्शक पडदे लागले. त्यातले अ‍ॅक्रिलिकचे पडदे सॅनिटायझरने पुसले गेले, की हळूहळू पांढुरके पडत.

कारण अल्कोहोल. शीट कापताना, वाकवताना तिच्यात ताण साठतो. अल्कोहोल, थिनर, अ‍ॅसिटोन किंवा अमोनिया असलेला काचेचा क्लीनर लागला, की तिथेच बारीक भेगांचं जाळं उमटतं. कडांना आणि स्क्रूच्या भोकांभोवती सर्वांत आधी.

दुरुस्ती शक्य आहे का? नुसता धुरकटपणा किंवा उथळ ओरखडे असतील तर हो. शीट साबणाच्या पाण्याने धुवावी. मग 800, 1200 आणि 2000 नंबरचा वॉटर पेपर क्रमाने, सतत ओला ठेवून, हलक्या हाताने फिरवावा. आधीच्या कागदाचे चरे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा घेऊ नये. शेवटी मऊ सुती कापडाने प्लास्टिकचं पॉलिश.

भेगा आत उतरल्या असतील तर पॉलिश उपयोगाचं नाही, शीट बदलावी.

गॅसच्या ज्योतीने चमकवलेल्या कडांत नवा ताण राहतो. त्यांना अल्कोहोल अजिबात लावू नये.

रोजच्या सफाईला आधी पाण्याने धूळ काढावी, मग सौम्य साबण वापरावा. कोरड्या फडक्याने पुसलं तर धुळीचेच ओरखडे पडतात.