सिकलसेल: ‘वाहक’ म्हणजे रुग्ण नाही, मग लग्नाआधी तपासणी का?

रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. त्यांच्यातलं हिमोग्लोबिन शरीरभर ऑक्सिजन पोहोचवतं. ते कसं बनवायचं याची माहिती डीएनएमध्ये असते. या माहितीतलं एकच अक्षर बदललं, तर ऑक्सिजन कमी होताच पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. परिणाम? असह्य वेदना, रक्तक्षय, वारंवार होणारे संसर्ग.

प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून, एक वडिलांकडून आलेली.

• एकच प्रत सदोष (एएस): वाहक. सहसा त्रास होत नाही, म्हणून अनेकांना पत्ताच नसतो.
• दोन्ही सदोष (एसएस): रुग्ण.

आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के आणि दोन्ही प्रती निर्दोष असण्याची 25 टक्के. ‘पहिलं मूल आजारी, म्हणजे पुढची तीन सुटली’ हा हिशेब चुकीचा आहे. प्रत्येक वेळी शक्यता तेवढीच राहते.

आणखी एक गैरसमज: ‘सुनेमुळे आजार आला’. एसएस मुलाला एक सदोष प्रत वडिलांकडूनही मिळालेली असते. दोष कुणा एकाचा नसतो.

महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत या आजाराचं प्रमाण जास्त आहे. रक्ताच्या तपासणीतून एएस की एसएस हे कळतं. पत्रिका जुळवण्याआधी दोघांचा हा अहवाल जरूर पाहा.