संक्रांत झाली, तरी गजर तोच ठेवा

संक्रांतीला तिळगूळ वाटता वाटता घराघरांत एक फर्मान निघतं: ‘आजपासून दिवस मोठा झाला, आता लवकर उठायचं!’ दिवस मोठा होतो हे खरं, पण तो 22 डिसेंबरपासूनच व्हायला लागलेला असतो. शिवाय वाढलेला उजेड सकाळच्या वाट्याला येतच नाही. मुंबईत 22 डिसेंबरला सूर्य साधारण 7 वाजून 8 मिनिटांनी उगवतो आणि संक्रांतीला सव्वासातला, म्हणजे आणखी उशिरा. पृथ्वीचा कललेला आस आणि तिची लंबवर्तुळाकार कक्षा यांमुळे या दिवसांत मध्यान्हच रोज जवळपास अर्धा मिनिट पुढे सरकत असते. तिच्याबरोबर सूर्योदयही लांबतो आणि मिळकत सगळी संध्याकाळच्या खात्यात जमा होते. तेव्हा शाळेच्या बसला अंधारात उभ्या राहणाऱ्या पोरांना जानेवारीत आळशी म्हणू नये. नागपूरकरांचं गणित थोडं वेगळं. त्यांचा सूर्य मुंबईच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो, घड्याळ मात्र दोघांचं एकच.

दुसरा समज खिडक्यांचा. दक्षिणेची खिडकी उन्हाळ्यात घर तापवते म्हणून जाड पडदे तिथेच लागतात. प्रत्यक्षात मेच्या मध्यावर सूर्य मुंबई-पुण्याच्या थेट डोक्यावर येतो आणि जुलैअखेरपर्यंत दुपारी किंचित उत्तरेलाच असतो. दक्षिणेला साधा छज्जा पुरतो. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला खाली कलतो आणि ऊन खोलीत आतपर्यंत येतं. तेव्हा तो पडदा सारून गाद्या तिथेच टाकाव्यात. उन्हाळ्यातली खरी गुन्हेगार पश्चिमेची खिडकी. तिलाही आतून पडदा लावून फारसं साधत नाही, कारण काचेतून उष्णता एव्हाना घरात शिरलेली असते. बांबूची चटई बाहेरून सोडावी.

आणि कूलर. ‘दारं-खिडक्या लावून घ्या, गारवा बाहेर जातोय’ हे वाक्य एसीच्या खोलीत बरोबर, कूलरच्या खोलीत साफ चूक. ओलसर हवेला बाहेर पडायला वाट नसेल, तर थोड्याच वेळात अंग चिकचिकायला लागतं. कूलर चालतो तो कोरड्या हवेवर. म्हणून विदर्भात मे महिन्यात तो तारतो आणि कोकणात निरुपयोगी ठरतो. नागपुरातही पाऊस सुरू झाला की पंप बंद करून नुसता पंखा चालवावा, टाकीतलं पाणी काढून टाकावं. नाहीतर तिथे डास होतात.