रेडिओ दीर्घिका आणि अदृश्य द्रव्याची मांडणी

विश्वातील बहुतांश द्रव्य दृष्टीस पडत नाही, असा पुरावा १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा दीर्घिकासमूहाच्या अभ्यासातून पुढे मांडला. या द्रव्यास 'कृष्णद्रव्य' म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु काळी वस्तू प्रकाश शोषून घेते. हे द्रव्य प्रकाश शोषीत नाही व बाहेरही टाकीत नाही. म्हणून येथे 'अदृश्य द्रव्य' ही संज्ञा योजिली आहे. जे दिसत नाही त्याची मांडणी कशी ओळखावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

अदृश्य द्रव्य गुरुत्वाकर्षणाने जेथे गोळा होते, तेथे दीर्घिका जन्मास येतात. त्यांपैकी काहींच्या केंद्रस्थ कृष्णविवरांतून निघणारे झोत प्रबळ रेडिओलहरी उत्पन्न करतात. धुळीचा अडथळा या लहरींना होत नाही. त्यामुळे अतिदूरच्या रेडिओ दीर्घिकाही आपणांस आढळतात. अमेरिकेतील 'व्हेरी लार्ज अ‍ॅरे' या दुर्बिणीने केलेल्या व १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात सुमारे ८२ टक्के आकाशातील १८ लाख उगमांची नोंद आहे. त्यांतील अनेकांच्या लहरी निघून जवळजवळ आठशे कोटी वर्षे लोटली आहेत.

आता या उगमांच्या जोड्या मोजावयाच्या. ठरावीक कोनांतरावर जितक्या जोड्या आढळतात, त्यांची तुलना यदृच्छया विखुरलेल्या बिंदूंशी करावयाची. २००२ साली क्रिस ब्लेक व जॅस्पर वॉल यांना एक अंश अंतरावर हजारी सुमारे एकच जोडी अधिक आढळली. हे प्रमाण इतके अल्प असण्याचे कारण उघड आहे: आकाशात शेजारी भासणारे उगम खोलीच्या दिशेने परस्परांपासून फार दूर असू शकतात. शिवाय एकाच दीर्घिकेची दोन रेडिओपालवे दोन उगम म्हणून मोजली जातात. त्यामुळे अतिलहान कोनांवरील आधिक्य फसवे ठरते.

याहून महत्त्वाची अडचण निराळी आहे. पठार जेथे मुळातच उंच असते, तेथे उंच शिखरे दाटीने आढळतात. तद्वतच मोठ्या दीर्घिका अदृश्य द्रव्यापेक्षा अधिक दाटीने वसतात; अशा अतिरिक्त दाटीचे हे कारण निक कायझर यांनी १९८४ साली दीर्घिकासमूहांच्या बाबतीत दाखविले. या अतिरेकास 'अभिनती' म्हणू. अभिनती दोन असेल, तर दीर्घिकांचा सहसंबंध द्रव्याच्या चौपट होतो. म्हणजे केवळ जोड्या मोजून अभिनती किती व द्रव्याची दाटी किती, हे वेगळे काढता येत नाही.

येथे गुरुत्वीय भिंगन साहाय्यास येते. विश्वाच्या आरंभकाळातील प्रारण आपणांकडे येताना वाटेतील सर्व द्रव्याने किंचित वळते. या वळणाचा दीर्घिकांच्या नकाशाशी असलेला संबंध अभिनतीच्या वर्गावर नव्हे, तर तिच्या पहिल्या घातावर अवलंबून असतो. दीर्घिकांचा आपसांतील सहसंबंध चार आणि भिंगनाशी दोन आला, तर अभिनती दोन व द्रव्याचा वाटा एक, हे निश्चित होते. केंड्रिक स्मिथ, ऑलिव्हर झान व ऑलिव्हिए डोरे यांनी २००७ साली याच सर्वेक्षणाच्या आधारे हा संबंध प्रथम टिपला.

तथापि सावधगिरी अवश्य आहे. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग दुर्बिणीच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात सुमारे ६.२ लाख उगम आहेत. त्यात मोठ्या कोनांवर अपेक्षेहून अधिक दाटी आढळली. तिचे मूळ विश्वात नसून तीव्रतेच्या अंशांकनातील सूक्ष्म तफावतींत असावे, असे अभ्यासकांचे मत पडले. हजारी एक जोडी शोधावयाची, तर तितकाच लहान दोषही विश्वाचे रूप धारण करू शकतो. तात्पर्य, अदृश्य द्रव्याचा माग काढणाऱ्याने प्रथम आपल्या उपकरणाचा माग काढला पाहिजे.