रजोनिवृत्तिपूर्व संक्रमणकाळ : तेर व परिसरातील ग्रामीण स्त्रियांच्या संदर्भात

प्रस्तावना

धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. येथे सापडलेल्या मृण्मूर्तींत मातृदेवतेच्या प्रतिमाही आहेत. स्त्रीच्या सर्जनशक्तीचे पूजन ज्या भूमीत इतक्या पूर्वी होत होते, तेथे ती शक्ती ओसरण्याच्या काळाविषयी मात्र आजही दबक्या आवाजातच बोलले जाते. ‘पाळी जाणे’ हा शब्दप्रयोग सर्वांना ठाऊक आहे. परंतु पाळी जाण्यापूर्वीच्या काही वर्षांना बोलीत स्वतंत्र नाव नाही. परिणामी हा काळ आजार समजला जातो आणि त्यावरचा उपाय म्हणून ‘पिशवी’ काढण्याचा विचार पुढे येतो. प्रस्तुत लेखात या काळाचे स्वरूप आणि व्यवस्थापन यांचा विचार केला आहे.

संक्रमणकाळाचे स्वरूप

सलग बारा महिने पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली असे मानले जाते. सुश्रुतसंहितेने त्यासाठी पन्नास वर्षे हे वय सांगितले आहे. आज भारतीय स्त्रियांत हे सरासरी वय ४६ ते ४७ च्या आसपास, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे अलीकडे आढळते. त्यापूर्वीची साधारणतः चार ते आठ वर्षे हा संक्रमणकाळ होय.

या काळात बीजांडकोशातून दरमहा बीज बाहेर पडेलच असे नसते. ज्या महिन्यात ते पडत नाही, त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही; इस्ट्रोजेनची पातळी मात्र वरखाली होत राहते. गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि पाळी लांबते किंवा एकदम अंगावरून जास्त जाते. अचानक अंग तापून घाम फुटणे, झोपमोड, चिडचिड, सांधे दुखणे या तक्रारी याच चढउतारांशी निगडित आहेत. पाळी अनियमित झाली तरी गर्भधारणा संभवते, ही गोष्ट बहुधा विसरली जाते.

‘पिशवी’चा प्रश्न

शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये शासकीय समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. धाराशिव जिल्ह्यातूनही टोळ्या ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. अशा व्यवस्थेत पाळीचा त्रास म्हणजे बुडालेली मजुरी. ‘पुढे कर्करोग होईल’ अशी भीती घातली गेली की निर्णय सोपा वाटतो. अज्ञानाइतकाच हा मजुरीच्या अटींचा प्रश्न आहे, हे येथे स्पष्ट नोंदविले पाहिजे.

शस्त्रक्रियेत बीजांडकोशही काढले गेल्यास शरीर काही दिवसांतच रजोनिवृत्तीत ढकलले जाते. हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजांडकोश ठेवले तरी रजोनिवृत्ती काहीशी लवकर येऊ शकते. केंद्र शासनाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या अमलात आणण्यास राज्यांना बजावले.

व्यवस्थापन

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘या वयात असे होतेच’ म्हणून सारे सोसणे हेही तितकेच घातक ठरते. तासाभरात पॅड वा कापड भिजणे, मोठ्या गाठी पडणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणे, तसेच पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास तपासणी टाळू नये. हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोनोग्राफी आणि गरजेनुसार अस्तराचा तुकडा तपासणे, या क्रमाने कारण शोधता येते. बहुतेक वेळा लोहाच्या गोळ्या, रक्तस्राव कमी करणारी औषधे किंवा गर्भाशयात बसविण्याचे हार्मोनयुक्त साधन यांनी काम भागते. संप्रेरकोपचार फार त्रासदायक लक्षणांवर गुणकारी असले तरी स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या यांचा पूर्वेतिहास असल्यास ते सहसा टाळले जातात. म्हणून वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नयेत.

आहारासाठी बाहेरून काही आणावे लागत नाही. ज्वारीच्या भाकरीसोबत तीळ, शेवग्याचा पाला, ताक आणि डाळी असल्या की बरीच गरज भागते. फक्त घरातील स्त्रीने शेवटी उरलेसुरले खाण्याची रीत मोडावी लागते. मिश्री हाडांना व झोपेला बाधक असल्याने सोडणे हितावह. घरातील दिनदर्शिकेवर पाळी आल्याची व थांबल्याची तारीख, तसेच त्या दिवशी किती कापडे लागली याची खूण केल्यास, सहा महिन्यांनी हेच पान डॉक्टरांपुढे ठेवता येते.