गुरू उंबरठ्यावर घुटमळतो तेव्हा

नाशिकचा गेला सिंहस्थ कुंभमेळा १४ जुलै २०१५ ला लागला आणि ११ ऑगस्ट २०१६ ला संपला. म्हणजे तेरा महिने. आता येणारा ३१ ऑक्टोबर २०२६ ला लागतोय आणि संपणार २४ जुलै २०२८ ला. जवळजवळ एकवीस महिने! साधुग्रामची जागा, रस्ते, घाट यांच्यावर गावभर वाद चालतात, पण या आठ महिन्यांच्या वाढीव मुक्कामावर वाद घालून उपयोग नाही. ती मुदत सुमारे ७८ कोटी किलोमीटरवरून सूर्याभोवती फिरणाऱ्या एका वायूच्या गोळ्याने ठरवली आहे.

‘सिंहस्थ’ हा शब्दच मुळी आकाशातला. सिंह राशीत असलेला, कोण, तर गुरू. तो त्या राशीत शिरला की रामकुंडावर आणि त्र्यंबकला ध्वज चढतो, कायमचा बाहेर पडला की उतरतो. जगातली एवढी मोठी गर्दी ज्या घड्याळावर जमते, त्याचा काटा एक ग्रह आहे, ही गोष्ट आपण नाशिककर फार सहज घेतो.

मग हा काटा फिरतो कशाने? त्यासाठी अंजनेरीवर जाऊ. बाल हनुमानाने सूर्याला फळ समजून झेप घेतली ती इथून, असं आपल्याकडे मानतात. आपण फक्त दगड फेकू. हळू फेकला तर पायथ्याशी पडेल, जोरात फेकला तर आणखी पुढे. हवा नाहीच असं समजा आणि सेकंदाला ७.९ किलोमीटर वेगाने आडवा फेका. पहिल्या सेकंदात दगड ४.९ मीटर खाली येतो. पण पृथ्वी गोल असल्यामुळे तेवढ्या अंतरात जमीनही ४.९ मीटर खाली वळलेली असते. दगड पडतोय, जमीन तेवढीच निसटतेय. असा पडत पडतच तो पृथ्वीला वळसा घालून तासा-दीड तासाने तुमच्या पाठीमागून येईल, तेव्हा डोकं सांभाळा. कक्षा म्हणजे हेच, न संपणारं पडणं. न्यूटनने असाच विचार डोंगरावरची तोफ घेऊन केला होता.

पृथ्वीही अशीच सूर्याकडे पडते आहे, सेकंदाला सुमारे तीन मिलिमीटर. त्याच सेकंदात ती पुढे मात्र तीस किलोमीटर गेलेली असते. गुरू सूर्यापासून आपल्या ५.२ पट लांब. अंतर इतकं वाढलं की ओढ ५.२ च्या वर्गाने, म्हणजे सत्तावीस पटींनी, कमी होते. म्हणून गुरू सेकंदाला तेरा किलोमीटर पुढे जातो आणि सूर्याकडे पडतो फक्त मिलिमीटरचा दहावा भाग. वहीच्या एका पानाच्या जाडीएवढा! त्या पानाएवढ्या पडण्यावर बारा वर्षांचा सिंहस्थ उभा आहे. मी हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा दशांश चिन्ह चुकलं असेल म्हणून तीनदा तपासला.

बारा वर्षं तरी कुठे पुरती? ५.२ चा घन करा, १४०.६ येतो. त्याचं वर्गमूळ ११.८६. एवढ्या वर्षांत गुरूची एक फेरी होते. हा केप्लरचा नियम, आणि तो मोबाइलच्या कॅलक्युलेटरवर जमतो. बाराला पन्नासेक दिवस कमी पडतात, आणि सात फेऱ्यांत ते साठून एक वर्ष होतं. म्हणूनच हरिद्वारचा कुंभ १९३८ मध्ये अकराव्या वर्षी आला होता. तसाच पुन्हा आला २०२१ मध्ये. मधलं अंतर त्र्याऐंशी वर्षं, म्हणजे बरोबर सात फेऱ्या.

आता ते वाढीव आठ महिने. पहाटे गोल्फ क्लबच्या मैदानावर चालायला जाणाऱ्यांना हे पटकन कळेल. तुम्ही आतल्या कडेने झपझप चालताय, बाहेरच्या कडेने एक आजोबा सावकाश. तुम्ही त्यांना गाठून मागे टाकता तेवढ्या वेळात, पलीकडच्या इमारतींच्या पार्श्वभूमीवर आजोबा उलटे सरकल्यासारखे दिसतात. ते बिचारे पुढेच चाललेले असतात. पृथ्वी दर तेरा महिन्यांनी गुरूला असं मागे टाकते, आणि चार महिने तो ताऱ्यांमधून मागे जाताना दिसतो. ‘गुरू वक्री झाला’ म्हणून आपण त्याला बोल लावतो, वळसा खरा आपल्या चालण्याचा.

हा मागे जाण्याचा पट्टा दहा अंशांचा, रास तीस अंशांची. २०१६ मध्ये वक्री होणं सगळं सिंहेच्या आतच आटोपलं, कोणाला कळलंही नाही. या वेळी वळणाच्या जागा नेमक्या दोन्ही उंबरठ्यांजवळ आल्या आहेत. ऑक्टोबर २०२६ मध्ये गुरू सिंहेत येईल, जानेवारीत परत कर्केत जाईल, जूनअखेर पुन्हा येईल. नोव्हेंबर २०२७ मध्ये कन्येत पाऊल टाकेल, फेब्रुवारीअखेर मागे फिरेल आणि जुलैत कायमचा निघेल. निरोप घेऊन दारात पुन्हा अर्धा तास बोलत उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखा. म्हणून हा सिंहस्थ तीन तुकड्यांत.

हे डोळ्यांनी पाहता येतं, दुर्बीण नको. डिसेंबर २०२६ च्या मध्याला मध्यरात्रीच्या सुमारास पूर्वेला पाहा. गुरू मघा ताऱ्याच्या जवळ, हात लांब केला तर दोन बोटांच्या अंतरावर, थबकलेला असेल. मग ते अंतर वाढत जाईल, एप्रिलपर्यंत एका मुठीहून जास्त होईल आणि तिथून पुन्हा घटू लागेल. २ ऑगस्ट २०२७ च्या पहिल्या अमृत स्नानाच्या आसपास गुरू मघेला ओलांडून पुढे जाईल. पण त्र्यंबकचा पाऊस त्या दिवसांत आकाश दाखवेल तर शपथ.