बोट लागू नये म्हणून गोळी घेतलीत? मग बंदरावर गाडी चालवू नका

क्रूझवर बोट लागू नये म्हणून घेतलेल्या प्रोमेथाझिन, मेक्लिझिन यांसारख्या गोळ्यांनी झोप येते, प्रतिक्रिया मंदावतात. रात्री घेतलेल्या गोळीची गुंगी सकाळीही राहू शकते. मद्याने ती वाढते.

इटलीत चिवितावेक्किया बंदरापासून रोम सुमारे ७५ किलोमीटर आहे. तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. भाड्याची गाडी चालवायला पूर्ण सावधपणा हवा.

काय करावे?

• गोळी न घेतलेल्या व्यक्तीनेच गाडी चालवावी.
• पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटत असेल, तर तिनेही चालवू नये.
• सगळ्यांनीच गोळी घेतली असेल, तर ट्रेन किंवा टॅक्सीने जा.

घरी परतल्यावरही डोलल्यासारखे वाटणे दोन-तीन दिवसांत थांबले नाही, तर डॉक्टरांना दाखवा.