घर रिकामे करताना: आधी कागद, मग कपाटे

उज्जैनमधली मराठी घरे गेल्या काही वर्षांत एकामागून एक बंद होत आहेत. मुले पुण्याला, इंदूरला, बंगळूरला किंवा परदेशात. इथे आईवडील, आणि पुढे दोघांपैकी एकच. मग घर विकायचे ठरते. काहींना ठरवायलाही वेळ मिळत नाही. २०२८ च्या सिंहस्थासाठी जुन्या शहरातले रस्ते रुंद होत आहेत. के. डी. गेट ते इमली तिराहा या रस्त्यावर घरांचे पुढचे भाग गेलेले आपण पाहिले आहेत. अशा वेळी मुलगा चार दिवसांची रजा काढून येतो, भंगारवाल्याला बोलावतो, आणि तीन पिढ्यांचा संसार एका लोडिंग रिक्षात मावतो.

आम्ही काही निवृत्त मंडळी ओळखीच्या घरांत या कामाला हातभार लावायला जातो. कोणी बँकेतले, कोणी शाळेतले, कोणी वीज मंडळातले. इतकी घरे पाहिल्यावर आमचे एक मत पक्के झाले आहे: घर आवरण्याचा क्रम बहुतेकजण उलटा धरतात. पलंग, कपाटे, फ्रिज आधी काढतात, कारण जागा मोकळी झालेली लगेच दिसते. कागद शेवटच्या दिवसासाठी राहतात. त्या दिवशी हात थकलेले असतात, गाडीची वेळ झालेली असते, आणि ट्रंक उघडून न पाहताच रद्दीत जाते. पलंग पुन्हा घेता येतो. ट्रंकेत काय होते ते मात्र नंतर कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून पहिले काही दिवस फक्त कागद. एका खोलीत सतरंजी अंथरावी, घरातले सगळे कागद तिथे आणावेत. कपाटातले, माळ्यावरचे, देवघराच्या खणातले, गादीखालचे, जुन्या पर्समधले. पुस्तकांची पाने उलटून पाहावीत. आपल्या आज्या-मावश्यांनी पोथीत नोटा, डाळीच्या डब्यात अंगठी आणि शालूच्या घडीत पावत्या ठेवल्या आहेत, हे आम्हाला आता नवीन राहिलेले नाही. घरातले वयस्क माणूस हयात असेल तर त्याला खुर्ची देऊन समोर बसवावे. 'हे काय आहे?' या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळच असते. खरे तर एवढ्याचसाठी हे काम घर विकायच्या वेळेपर्यंत ठेवू नये.

आता पैशाचे कागद. जुने पासबुक दिसले की 'खाते कधीच बंद झाले असेल' असे म्हणून फाडू नये. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यातली रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागरूकता निधीत भरते, पण त्यामुळे खातेदाराचा किंवा वारसाचा हक्क जात नाही. बँकेत अर्ज केला की ती मिळते. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचे संकेतस्थळ सुरू केले आहे. तिथे नावावरून अनेक बँकांतल्या अशा ठेवी शोधता येतात. शेअरची कागदी प्रमाणपत्रे १ एप्रिल २०१९ पासून विकता येत नाहीत, आधी ती डीमॅट करावी लागतात. पण ती कचरा नाहीत. सात वर्षे लाभांश घेतला नसेल तर शेअर सरकारी निधीकडे, म्हणजे आयईपीएफकडे जातात, आणि तिथूनही ते परत मागता येतात. चिकाटी मात्र लागते.

नॉमिनीबद्दल आपल्यात मोठा गैरसमज आहे. नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा असतो, मालक असतोच असे नाही. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. भावाचे नाव नॉमिनी म्हणून आहे एवढ्यावर बहिणींनी गप्प बसायचे कारण नाही. म्हणून कागद निवडताना सगळी भावंडे, निदान व्हिडिओ कॉलवर तरी, हजर असावीत. घरातले अबोले बहुतेकदा 'त्या ट्रंकेत काय होते' यावरूनच सुरू होतात.

लॉकर उज्जैनला आणि आपण पुण्याला, असे ठेवू नये. भाडे तीन वर्षे थकले तर बँक रीतसर नोटीस देऊन लॉकर फोडू शकते. भाडे भरत राहिलात पण सात वर्षे लॉकर उघडलाच नाही आणि तुमचा ठावठिकाणाही लागला नाही, तरी तिला तो अधिकार आहे.

जुन्या पैशांचेही विचारतात. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनात नाहीत, ५० पैसे आजही चालतात. २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा दहापर्यंत आठवण म्हणून ठेवता येतात, त्याहून जास्त बाळगणे २०१७ च्या कायद्याने दंडनीय आहे. दोन हजाराची नोट सापडली तर ती भोपाळच्या रिझर्व्ह बँकेत जमा करता येते.

आता खरा विषय. उज्जैनच्या जुन्या मराठी घरांत एक पेटी अशी निघते की तिच्यातले कोणालाच वाचता येत नाही. मातकट झालेले लांब कागद, कापडात बांधलेले, आणि त्यावर सलग वळणदार मोडी. हे इथे का निघते, ते मुलांना सांगायला हवे. राणोजी शिंद्यांनी उज्जैनला ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकाळाचे मंदिर पुन्हा उभारले. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरजवळ लष्कर येथे मुक्काम हलवला, तोवर शिंद्यांची राजधानी हीच होती. दरबार गेला तरी बरीच घराणी इथेच राहिली, आणि त्यांचे हिशेब, सनदा, वतनाचे कागद, पत्रेही राहिली. पुढे १९४८ पर्यंत आपण ग्वाल्हेर संस्थानात होतो, म्हणून पेटीच्या वरच्या थरात संस्थानचे स्टॅम्पपेपर मिळतात. त्यातला एखादा आपल्याच घराच्या खरेदीचा असतो. घर विकताना वकील जी मालकीची साखळी मागतो तिची पहिली कडी कधीकधी तिथेच सापडते.

अशा कागदांतूनच मराठ्यांचा इतिहास लिहिला गेला आहे. वाईच्या एका घरात मिळालेल्या पत्रांतून इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. आपल्या बाजूचे उदाहरण म्हणजे कोट्याचे गुळगुळे दफ्तर. गुळगुळे हे शिंद्यांचे कोट्यातले वकील. त्यांच्या घरच्या कागदांवरून आनंदराव भाऊ फाळके यांनी 'शिंदेशाही इतिहासाची साधने' प्रसिद्ध केली. ती घरे आवरताना कोणी घाई केली असती तर हे खंड निघाले नसते.

आपली पेटी तेवढी मोठी असेलच असे नाही. बहुतेक कागद दुकानाचे, धान्याचे, लग्नखर्चाचे निघतात. पण कोणते काय हे वाचणाऱ्याने ठरवावे, भंगारवाल्याच्या काट्याने नव्हे. तोवर एवढे सांभाळावे: रुमाल, म्हणजे कापडातला गठ्ठा, ज्या क्रमाने बांधलेला आहे त्याच क्रमाने ठेवावा. एकाचे कागद दुसऱ्यात मिसळले की अर्धी माहिती गेली. गंजलेल्या टाचण्या हळूच काढाव्यात. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. उन्हात वाळवू नयेत, सावलीत हवा द्यावी. कसर लागू नये म्हणून कापडात वेखंडाचे तुकडे ठेवायची जुनी रीत चांगली आहे. प्रत्येक पानाचा फोटो घ्यावा, आणि कागद कोणाच्या घरचे, कोणत्या खोलीत मिळाले, हे एका चिठ्ठीवर लिहून गठ्ठ्यावर बांधावे.

द्यायचे कोणाला? संस्कृत, मराठी हस्तलिखित पोथ्यांसाठी शहरातच सम्राट विक्रमादित्य विद्यापीठाचे सिंधिया प्राच्यविद्या शोध प्रतिष्ठान आहे, १९३१ पासूनचे. माळव्याच्या इतिहासाच्या कागदांसाठी मंदसौर जिल्ह्यात सीतामऊची नटनागर शोध संस्था. पुण्याला जाणाऱ्यांसाठी १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ. देताना पोच घ्यावी आणि फोटो आपल्याकडे ठेवावेत. मालकीहक्काचे कागद मात्र देऊ नयेत, ते वकिलाला दाखवावेत.

देवघराचा प्रश्न नाजूक आहे. टाक आणि मूर्ती कोणी नेणार हे कागदांच्याच बैठकीत ठरवावे. कोणीच तयार नसेल तर आपल्या गुरुजींना विचारून एखाद्या मंदिरात किंवा नात्यातल्या घरी द्यावेत. पिंपळाखाली फोटोंच्या फुटक्या काचा आणि क्षिप्रेत लाकडी चौकटी टाकण्याला विसर्जन म्हणवत नाही. परदेशी राहणाऱ्यांनी एक जपावे: शंभर वर्षांहून जुनी मूर्ती आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखित पोथी १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरू शकते, आणि ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नसल्याचा दाखला पुरातत्त्व खात्याकडून मिळतो. तो घेतल्याशिवाय विमानतळावर जाऊ नये.

भांड्यांबद्दल फार लिहीत नाही. बंब, घंगाळ, पराती वजनावर जाणारच, कारण फ्लॅटमध्ये त्यांना जागा नाही. भाव दोन दुकानी विचारावा, आणि नावे कोरलेली भांडी आधी वेगळी काढावीत. एका घरी तांब्यावर पणजीचे माहेरचे नाव निघाले, जे हयात असलेल्या कोणालाच माहीत नव्हते. बोहारणीला जुने शालू देण्याआधी पदर एखाद्या सराफाला दाखवावा. जुनी जर चांदीची असते, आणि तिच्या बदल्यात स्टीलचे पातेले हा काही सौदा नव्हे. मराठी पुस्तके आणि जुने दिवाळी अंक रद्दीत घालण्याआधी आपल्या समाजाच्या वाचनालयात विचारून पाहावे.

झाडलोट सगळ्यात शेवटी, घर पूर्ण रिकामे झाल्यावर. तिला एक दिवस पुरतो. गॅसचा सिलेंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत परत करून अनामत रक्कम घ्यावी, त्यासाठी मूळ सब्स्क्रिप्शन व्हाउचर लागते. तेही त्या सतरंजीवरच्या ढिगात असते. वीज कंपनी आणि नगर निगम यांच्या शेवटच्या पावत्या, मालमत्ता कराची पावती आणि मीटरच्या आकड्याचा तारखेसह फोटो एका पाकिटात घालून ते पाकीट सामानाच्या गाडीत न देता स्वतःच्या हातपिशवीत ठेवावे.